तेहतीस खेपा

पुरस्काराच्या अर्जात पहिल्यांदा जे मागितलं होतं, तेच माझ्याकडे नव्हतं. बातमीवर माझं नाव. मूळ कात्रण जोडायचं, त्यावर बायलाईन हवी आणि ती नसेल तर बातमी अर्जदारानेच दिल्याचं संपादकांचं प्रमाणपत्र हवं. माझ्या तिन्ही कात्रणांवर गावाचं नाव, तारीख आणि कंसात ‘वार्ताहर’ एवढंच छापलेलं. तोवर वीसेक वर्षं बातम्या देत होतो. त्यात नावानिशी छापून आलेल्या पंधरा-वीस असतील, आणि त्यातल्याही निम्म्या यात्रा विशेषांकातल्या.

मी सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागातला. तालुक्याचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर यातली माणसं ओळखू येतील, आणि ओळखू आल्यावर काय होतं ते पुढे येईलच.

आमचा जिल्हा विचित्र आहे. पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, कोयनेचं धरण १०५ टीएमसीचं. पूर्वेला माण-खटावच्या बाजूला पाचशेच्या आत-बाहेर, तोही आला तर. साताऱ्याच्या ऑफिसात जुलैत बातमीदारांची बैठक लागली की पाटण-महाबळेश्वरवाले धरणाचे दरवाजे कधी उघडणार ते सांगायचे आणि आमचा नंबर आला की आम्ही सांगायचो टँकर किती चालू आहेत. एकाच पानावर वर पूर आणि खाली टँकर, हे आमच्या आवृत्तीत नवीन नाही. माझे वडील १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला होते. दुष्काळी कामावर खायला मिळायची त्या सुकडीचा वास आला की जेवणावरून उठायचे. मी जन्मलो त्यानंतर, पण पाण्याची बातमी लिहिताना हात आपोआप जड होतो तो तिथूनच असावा.

पत्रकार व्हायचं म्हणून मी झालो नाही. १९९४ मध्ये एसटी स्टँडसमोर माझा एसटीडी-पीसीओ होता, काचेची केबिन, आत फिरता पंखा, बाहेर बाकडं. जोडीला पेपरची एजन्सी, चाळीस अंक. वितरणाचे साहेब वसुलीला आले होते, केबिनकडे बघून म्हणाले, “फोन आहेच तुमच्याकडं, बातम्या पण द्या की.” झाली नेमणूक. नियुक्तीपत्र नाही, मानधन कॉलम सेंटीमीटरवर. पहिल्या महिन्याचे १४० रुपये आले आणि फोनचं बिल त्याच्या तिप्पट. ओळखपत्र मिळालं ते एका वर्षाचं. त्याचं लॅमिनेशन करून पुढची नऊ वर्षं तेच वापरलं.

त्या काळी फोनवर फक्त खून, अपघात, निवडणूक. बाकीचं सगळं एसटीनं. दीडच्या साताऱ्याच्या गाडीला पाकीट द्यायचं, वर लाल पेनाने ‘प्रेस मॅटर, तातडीचे’. ड्रायव्हर ते समोरच्या काचेखाली ठेवायचा. साताऱ्याच्या स्टँडवर ऑफिसचा पोऱ्या गाड्या बघत उभा असायचा. गाडी पुसेगावात पंक्चर झाली की आमचा तालुका दुसऱ्या दिवशी पेपरात नसायचा आणि लोक मला विचारायचे, काल काहीच झालं नाही का?

तालुक्याच्या बातमीदाराची खरी कमाई म्हणजे निधनवार्ता. मुलं, सुना, नातू, जावई, सगळी नावं बिनचूक. एक नाव राहिलं तर ते घर कायमचं तुटतं. एकदा मी मेलेल्याच्या जागी त्याच्या थोरल्या भावाचं नाव लिहिलं. सकाळी साडेआठला थोरले भाऊ अंक घेऊन केबिनसमोर बाकड्यावर येऊन बसले. मी पायाशी बसायच्याच बेतात होतो. त्यांनी चहा मागवला, प्याले, आणि म्हणाले, “दुरुस्ती छाप, पण सावकाश. दोन दिवस कोण कोण रडतंय ते बघू दे.” दुरुस्ती चार दिवसांनी आली, सिंगल कॉलम, तीन ओळी.

हे सांगतोय कारण बाहेरच्यांना वाटतं की बातमीदारी म्हणजे लिहिणं. शहरातला बातमीदार लिहून घरी जातो. आम्ही ज्याच्याविरुद्ध लिहिलं त्याच्याच दुकानातून संध्याकाळी साखर आणतो. त्याच्या पोरीच्या लग्नात अक्षता टाकायला जातो आणि पंगतीत तोच वाढायला येतो, आग्रह करून. लिहायला लागतं त्याहून जास्त धाडस ती जिलेबी खायला लागतं.

मला जे काही शिकवलं ते साताऱ्याच्या ऑफिसातल्या एका उपसंपादकांनी. चिडके, सतत तंबाखू. माझी पहिली टंचाईची बातमी त्यांनी फोनवरच परत केली. मी लिहिलं होतं, ‘तालुक्यात २६ टँकर सुरू’. त्यांनी विचारलं, “कुणी सांगितलं?” म्हटलं, पंचायत समितीतून. “कुणी मोजले?” मी गप्प. “आकडा सांगणारा आणि आकडा मोजणारा एकच नसतो. पुढच्या वेळी दोन्ही लिही.” फोन ठेवला. ते वाक्य पुढे पंधरा वर्षांनी कामाला आलं.

२०१२ चा पाऊस गेला. ७२ नंतरचा सगळ्यात वाईट दुष्काळ, असं सगळेच म्हणत होते. २०१३ च्या उन्हाळ्यात चारा छावण्या लागल्या, अख्खी कुटुंबं जनावरांजवळ राहायला गेली. आम्ही बातमीदार रोज छावणीच्या आणि टँकरच्या बातम्या द्यायचो, आणि त्या इतक्या झाल्या की ऑफिसने ‘टंचाईचं काही नको आता, वेगळं द्या’ असा निरोप धाडला.

वेगळं माझ्या आजोळी मिळालं. तालुक्याच्या गावापासून नऊ किलोमीटर. तिथे आईच्या नात्यातली एक मावशी राहते, खालच्या आळीत एकटी. तिच्याकडे गेलो होतो, घागर अर्धीच होती. म्हटलं, टँकर येतो ना? म्हणाली, “येतो की. मनात आलं की येतो.”

हिशोब अवघड नाही. टँकरवर जगणाऱ्या गावाला माणशी दिवसाला २० लिटर पाणी, हा सरकारी निकष. गावाची लोकसंख्या १,८५०, म्हणजे ३७ हजार लिटर. टँकर १२ हजारांचा. दिवसाला तीन खेपा, तशाच मंजूर. भरण्याची विहीर, म्हणजे अधिग्रहण केलेला उद्भव, ३१ किलोमीटरवर. एका खेपेला जाऊन-येऊन ६२ किलोमीटर, निम्मा रस्ता खडीचा, भरायला पाऊण तास, ओतायला अर्धा तास. तीन खेपा म्हणजे १८६ किलोमीटर. एकाच टँकरला हे जमतं, पण त्याला पहाटे निघावं लागतं आणि ड्रायव्हरला जेवायला थांबून चालत नाही. आमचा ड्रायव्हर दुपारी दोन-दोन तास चिंचेखाली झोपलेला मी स्वतः पाहिला होता.

उपसंपादक तोवर निवृत्तीला आले होते. त्यांना फोन केला. पलीकडून पिंक टाकल्याचा आवाज आणि मग, “मोज.”

११ एप्रिल ते २१ एप्रिल, अकरा दिवस मी आजोळी राहिलो. बूथ तोवर झेरॉक्सचं दुकान झाला होता, तो बायकोने सांभाळला. गावात सांगितलं, पाठ धरलीय, आराम करायला आलोय. टँकर जिथे ओततात त्या विहिरीसमोर मारुतीचा कट्टा आहे, तिथे बसायचं. खिशात शाळेची चाळीस पानी वही. आला किती वाजता, गेला किती वाजता, गाडीचा नंबर, ड्रायव्हर कोण. चौथ्या दिवशी उपसंपादकांचा फोन, “रात्रीचं काय? रात्री येत असला तर?” त्या रात्रीपासून कट्ट्यावरच वाकळ टाकली. रात्री टँकर कधी आला नाही. कुत्री मात्र रोज यायची.

तरी मला खात्री वाटेना. तीन रात्री सुटल्या होत्या. मग मावशीनं तिची रीत सांगितली. पोहऱ्याच्या दोरीला तिनं हाता-हातावर गाठी मारल्या होत्या. “येक टँकर वतला की येक गाठ पानी चढतंय. मी रोज पहाटे बघती.” मी घरी येऊन मांडून पाहिलं. विहीर २० फूट व्यासाची. १२ हजार लिटर ओतले की पाणी दीड फुटाच्या किंचित आतच चढायला हवं. हात म्हणजे दीड फूट. मावशीची दोरी बरोबर होती. त्या तीन रात्रींत सुद्धा पहाटेला गाठ चढलेली नव्हती.

माझ्या वहीत अकरा दिवसांच्या खेपा १७.

आता सरकारी वही बघायची होती. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, खेपांच्या नोंदवहीच्या छायांकित प्रती मिळाव्यात म्हणून. तीस दिवसांची मुदत, एकोणतिसाव्या दिवशी पत्र आलं की पानामागे दोन रुपयांप्रमाणे पैसे भरून घेऊन जा. गंमत म्हणजे त्या कार्यालयाचं झेरॉक्स मशीन बंद होतं, त्यामुळे शिपाई मूळ वही घेऊन माझ्याच दुकानात आला. माझ्या अर्जाच्या प्रती मीच काढल्या, त्याच्यासमोर, आणि त्याचे पैसे कार्यालयात भरले.

वहीत ११ ते २१ एप्रिलच्या खेपा ३३. रोज तीन, न चुकता. भरल्याची वेळ, ओतल्याची वेळ, सगळं एका शाईने, एका बैठकीत लिहिल्यासारखं. शेवटच्या रकान्यात पाणी मिळाल्याबद्दल गावातल्या बायकांच्या सह्या. त्यात मावशीचं नाव. सही झोकदार, शेवटच्या अक्षराला लांब शेपटी आणि खाली दोन टिंबं.

मी मशीन तसंच चालू ठेवून ती सही बघत राहिलो. मावशी अंगठा लावते. रेशनला, पगाराला (श्रावणबाळच्या पैशाला आमच्याकडे पगारच म्हणतात), आजोबांच्या वाटणीपत्रावर, सगळीकडे अंगठा. माझ्या लग्नात आहेराच्या वहीत नाव लिहायलासुद्धा तिनं मलाच सांगितलं होतं. हे मला ठाऊक होतं म्हणून ती सही मला दिसली. साताऱ्याहून कुणी बातमीदार येऊन ती वही बघता तर ३३ सह्या मोजून समाधानाने गेला असता.

लिहिण्याआधी ठेकेदाराची बाजू घ्यायला गेलो. तो काही अनोळखी नव्हता. आमच्या वर्धापनदिनाच्या पुरवणीला दरवर्षी अर्ध्या पानाची जाहिरात त्याची, आणि त्यावरचं कमिशन माझं. ते माझं वर्षाकाठचं सगळ्यात मोठं उत्पन्न होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. त्यानं पाणी दिलं, टँकरचंच असावं. म्हणाला, “डिझेल काय भावानं झालंय माहितीय का तुम्हाला? बिलं सहा-सहा महिने निघत नाहीत. जीपीएस बसवलाय, त्याचा रिपोर्ट कुणी मागितला नाही अजून. खेपा मी लिहीत नाही.” मग थांबून, “यंदा पूर्ण पान घेऊ म्हणत होतो.” हे मी बातमीत लिहिलं नाही. डिझेलचं आणि बिलांचं लिहिलं, कारण ते खरं होतं.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात बातमी तीन भागांत आली. पहिला भाग आला त्या दिवशी पहिल्या पानावर कोयनेत पाणी वाढल्याचा फोटो होता. आमच्या टँकरला जिल्ह्याच्या पानावर चार कॉलम मिळाले. मी मावशीचं नाव लिहिलं नव्हतं. ‘अंगठा लावणाऱ्या एका वृद्धेच्या नावानेही सह्या’ एवढंच लिहिलं होतं, आणि मला वाटलं होतं की आपण काळजी घेतली. दोनशे-अडीचशे उंबऱ्यांचं गाव. नळाच्या कोरड्या तोटीला सुद्धा कळलं कोण ते. ही चूक माझी. उपसंपादकाने विचारायला हवं होतं, संपादकाने विचारायला हवं होतं वगैरे ठीक आहे, पण गाव माझं होतं आणि मला कळायला हवं होतं.

चौकशी लागली. आठवड्याभरात एक अधिकारी गावात आले, चावडीत बसले. मी दाराशी उभा. मावशीला बोलावलं. ती डोक्यावर पदर घेऊन आली आणि माझ्याकडे न बघता बसली. अधिकाऱ्यांनी वही पुढे केली, “ही सही तुमची का?”

“व्हय. माझीच हाय.”

माझ्या पोटात खड्डा पडला. अधिकाऱ्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. सरपंच खिडकीतून बाहेर बघत होते, तेही तिच्याच भावकीतले. लेखनिकाने जबाब लिहिला, ‘सदर नोंदवहीवरील सह्या माझ्याच असून मला त्याबाबत तक्रार नाही.’ वाचून दाखवला आणि कागद तिच्यापुढे सरकवला. “करा सही.”

मावशीने पेन हातात घेतलं. उलटं धरलं होतं. मग ते खाली ठेवलं, शांतपणे शाईच्या डबीत अंगठा बुडवला आणि कागदावर टेकवला.

चावडीत कुणी बोललं नाही. अधिकारी त्या कागदाकडे बराच वेळ बघत होते. मग त्यांनी चष्मा काढून पुसला, लेखनिकाला म्हणाले, “खाली लिहा, निशाणी डाव्या हाताचा अंगठा. समक्ष.” आणि स्वतःची सही केली. आयुष्यात इतकी चांगली बातमी मी समोर घडताना पुन्हा पाहिली नाही, आणि ती मी दिली नाही. देता आली नाही.

बाहेर आल्यावर मी तिला गाठलं. म्हटलं, मावशे, असं का केलंस? ती चालता चालताच म्हणाली, “आरं, तुझा पेपर येका दिसाचा. मला रोज तितंच पानी भरायचंय.” दिवाळीपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.

चौकशीचा निकाल लागायला पावसाळा गेला. त्या अकरा दिवसांच्या जादा खेपांची रक्कम बिलातून कापली, थोडा दंड, एका कर्मचाऱ्याची बदली. बाकीच्या महिन्यांचं कुणी काढलं नाही. दरम्यान मला आणि पेपरला वकिलाची नोटीस आली, अब्रूनुकसानीची, रक्कम अशी की ती शून्यं मोजायला बायकोला बोलवावं लागलं. ऑफिसने विचारलं, पुरावा काय? मी शाळेची वही, नोंदवहीच्या प्रती आणि विहिरीच्या व्यासाचा हिशोब पाठवला. त्यानंतर त्या नोटिशीचं काही ऐकू आलं नाही. झेरॉक्सचं मात्र ऐकू आलं. सरकारी कार्यालयांची कामं माझ्या दुकानातून एकेक करत समोरच्या दुकानात गेली. कुणी काही बोललं नाही, भांडण नाही, धमकी नाही. फक्त शिपाई रस्ता ओलांडायचे ते पलीकडच्या बाजूने. पत्रकारांवरच्या हल्ल्याविरुद्ध राज्याने २०१७ मध्ये कायदा केला, चांगलंच झालं. पण रस्ता ओलांडणाऱ्यावर कुठलं कलम लावणार?

पुरवणीची जाहिरात अर्थातच गेली. साहेबांनी फोनवर विचारलं, “यंदा टार्गेटचं कसं?” मी म्हटलं, अर्धं पान टँकरवर गेलं. ते हसले नाहीत.

पुरस्कारासाठी अर्ज करायचं माझ्या डोक्यातही नव्हतं. निवृत्त उपसंपादकांनी घरी बोलावून कात्रणं मागितली. त्यांच्याकडे स्वतःची फाईल होती, पण मूळ अंक लागत होता. आमच्याकडे जुने अंक रद्दीत जातात, मी एजंट असल्यामुळे सगळ्यात आधी माझेच. पहिला भाग आमच्या एका वर्गणीदाराच्या ट्रंकेत तळाशी अंथरलेला सापडला, दुसरा वाचनालयात, तिसऱ्यासाठी ऑफिसच्या फाईलमधून अंक मिळवायला महिना गेला. मग संपादकांचं प्रमाणपत्र. बातमी छापली तेव्हाचे संपादक दुसऱ्या पेपरात गेले होते, नव्यांना माहीत नव्हतं मी कोण. ते म्हणाले, तुमचा नेमणुकीचा कागद दाखवा. इथे वीस वर्षं पाणी मुरलेलं. शेवटी उपसंपादक स्वतः काठी टेकत ऑफिसचा जिना चढले आणि सांगितलं, ही बातमी याचीच, मी रोज रात्री फोन करून याला शिव्या दिल्यात. त्यावर प्रमाणपत्र झालं. पत्रावर माझं नाव चुकलं होतं, ते मी तसंच राहू दिलं, पुन्हा जिना कोण चढवणार त्यांना.

कागदाची ही अडचण एवढ्यापुरती नाही. ज्येष्ठ पत्रकारांना महिन्याला मानधन देणारी बाळशास्त्री जांभेकरांच्या नावाची सरकारी योजना आहे, त्यात इतक्या वर्षांच्या अनुभवाचे पुरावे मागतात. जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला ‘दर्पण’ सुरू केलं म्हणून त्या दिवशी आम्हाला दरवर्षी गुलाब आणि पेन मिळतं. पेनांचा ढीग साठलाय माझ्याकडे. नेमणुकीचं पत्र एक नाही. आमच्या जिल्ह्यातलं कटगुण हे महात्मा फुल्यांच्या पूर्वजांचं गाव, त्यांच्या चळवळीतून १८७७ मध्ये ‘दीनबंधु’ निघालं. त्यांना तरी नेमणूकपत्र कोण देणार होतं, असं म्हणून मी गप्प बसतो. बायको गप्प बसत नाही.

पुरस्कार मिळाला. मुंबईला समारंभ, रात्रीच्या एसटीने गेलो, दादरला उतरून सुलभमध्ये अंघोळ केली आणि इस्त्रीचा शर्ट घातला. मंत्र्यांच्या हस्ते शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, धनादेश. आमचा क्रम चौदावा होता, व्यासपीठावर साधारण वीस सेकंद. फोटोत माझा चेहरा मंत्र्यांच्या कोपराआड आहे. धनादेश वटल्यावर झेरॉक्सचा ड्रम बदलला.

गावाकडे सत्कार जास्त झाले. एकूण सात. आजोळी मारुतीच्या त्याच कट्ट्यावर मांडव घातला होता. सरपंचांनी भाषणात निर्भीड पत्रकारितेवर पंधरा मिनिटं घेतली. मावशी बायकांत पुढेच बसली होती. कार्यक्रम संपल्यावर मी तिच्या पाया पडलो. तिनं माझ्या खांद्यावरची शाल दोन बोटांत धरून पोत बघितला.

“अंगठा माझा आन् शाल तुला व्हय रं?”

मी शाल काढून तिच्या अंगावर घातली. नको-बिको काही म्हणाली नाही. घडी करून काखेत मारली आणि गेली. थंडीत पांघरते, बरी आहे म्हणते, जरा टोचते. पुढे एकदा विचारलं, आता टँकरच्या वहीवर कोण सही करतं? म्हणाली, “मीच करती. मागल्या साली पोरास्नी शिकवायला बाई येत हुती रात्रीची, तवा शिकले.” कागदावर करून दाखवली. फक्त नाव, आडनाव नाही. शेपटी नाही, टिंबं नाहीत.

सत्काराच्या आठवड्यात स्टँडसमोर फ्लेक्स लागला. वीस बाय दहा. माझा फोटो मध्ये, हातात स्मृतिचिन्ह. ‘आमच्या तालुक्याची शान’ वगैरे. चारी बाजूंनी शुभेच्छुकांचे गोल फोटो, आणि डाव्या कोपऱ्यात, बाकीच्यांपेक्षा जरा मोठा, ठेकेदाराचा. गॉगल लावलेला. फ्लेक्स त्यानंच लावला होता. दुकानात बसलं की समोर तोच दिसायचा. येणारी गिऱ्हाइकं त्याच्याकडे बघायची, मग माझ्याकडे, मग दहा रुपयांच्या झेरॉक्सचे पैसे द्यायची.

तिसऱ्या दिवशी तो स्वतः आला, बाकड्यावर बसला. म्हणाला, “आवडला का? फोटोग्राफर साताऱ्याचा हाय.” मी चहा मागवला. दोघांनी घेतला. पुरवणीबद्दल तो काही बोलला नाही, मीही नाही.

त्याच सुमाराला अनधिकृत फ्लेक्सवर कारवाईचा विषय निघाला होता आणि ऑफिसने प्रत्येक तालुक्यातून यादी मागवली होती, कुठे, केवढा, कुणाचा, परवानगी आहे का. मी स्टँडपासून बाजारपेठेपर्यंत चालत गेलो आणि मोजले. २३ निघाले. परवानगी दोघांची. यादी वरून खाली, स्टँडपासून सुरू केली, त्यामुळे पहिल्या क्रमांकावर माझाच आला. मापं, ठिकाण, कुणी लावला, फोटोत कोण कोण, सगळं लिहून रात्री पाठवलं.

सकाळी अंक सोडला. सिंगल कॉलम होती. आकडा २३ बरोबर होता, नावं सगळी गाळली होती. शेवटी कंसात, वार्ताहर.